आयपीसवरचं कुंकू

इंदिराबाई गायधनींच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे इंदिरानगरातल्या त्या शाळेत पाचवीच्या पोरालाही ठाऊक होतं. बाई विज्ञान शिकवायच्या आणि दुसऱ्या मजल्यावरची प्रयोगशाळा म्हणजे त्यांचं राज्य. तिथल्या काचेच्या कपाटात मायक्रोस्कोप होते. बरेचसे जुने, खाली आरसा असलेले, आणि एक नवा, दिव्याचा. त्यातल्या कशालाही कोणी हात लावला की बाईंचा आवाज थेट शाळेच्या फाटकापर्यंत पोचायचा.

"अरे ए! घागर आहे का ती, गळ्याला धरून उचलायला? एक हात दांड्याला, एक हात बुडाखाली! तान्हं लेकरू घेतात तसं घे."

पोरं पाठीमागे नक्कल करायची, करणारच. पण बाईंच्या हाताखालून गेलेलं पोर मायक्रोस्कोप कसा वापरायचा हे जन्मात विसरत नसे. आधी सगळ्यात कमी ताकदीची लेन्स खाली आणायची. मग बाजूने वाकून बघत ती स्लाइडच्या जवळ न्यायची, आणि त्यानंतरच आयपीसला डोळा लावून, लेन्स हळूहळू लांब नेत चित्र शोधायचं. उलटं केलंत तर लेन्स काचेवर आपटलीच म्हणून समजा. मोठ्या ताकदीची लेन्स लावली की मोठ्या नॉबला हात लावायचा नाही, फक्त बारीक नॉब. आणि दुसरा डोळा मिटायचा नाही, उघडाच ठेवायचा, नाहीतर कपाळ दुखतं. बाई स्वतः उजव्या डोळ्याने बघायच्या आणि डाव्याने वर्गावर लक्ष ठेवायच्या. पुसायचं तर लेन्सच्या खास कागदानेच. कोणी ओढणीचं टोक पुढे केलं की बाई म्हणायच्या, "त्याने तुझं नाक पूस. लेन्स नको."

शाळेत एवढा दरारा, आणि घरी? घरी कुकरची शिट्टी हा सगळ्यात मोठा आवाज. यजमान, यज्ञेश्वरराव, जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ झालं नाही. दिराचा मुलगा गौरांग पुण्याला असायचा, दिवाळीला फोन करायचा, 'काकू, तब्येत?' विचारायचा, आणि काकू 'ठणठणीत' म्हणायच्या. तिथे संपलं. रविवारचा अख्खा दिवस एका शब्दाशिवाय जायचा. सोमवारी पहिल्या तासाला तोंड उघडलं की आवाज घोगरा निघायचा. मुलांना वाटायचं, बाईंना सर्दी झालीय. सर्दीबिर्दी काही नाही, बोलायलाच कोणी नव्हतं.

अशात जूनमध्ये वैष्णवी आली. तासिकेवर लागलेली, तिशीच्या आतली. माहेर दिंडोरीकडच्या एका खेड्यात, वडील पुंजा यांची तिथे द्राक्षबाग. लग्न करून ओझरला दिलेली, नवरा दीपक तिथल्या विमानाच्या कारखान्यात. पहिल्याच आठवड्यात तिने दिव्याचा मायक्रोस्कोप एका हाताने उचलला आणि बाईंनी तिला सगळ्या वर्गासमोर झापलं. दुसरी असती तर रडली असती नाहीतर हेडमास्तरांकडे गेली असती. ही पोरगी मधल्या सुट्टीत बाईंसमोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, ओरडा तुम्ही. पण आधी दाखवा तरी. आमच्या कॉलेजात याला हातच लावू देत नव्हते. मी लांबूनच बी.एस्सी. झालेय."

बाईंना हसू आलं. किती दिवसांनी आलं होतं कोण जाणे! त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर अर्धा तास बाई तिला शिकवू लागल्या. मग शिकवून झालं तरी तो अर्धा तास राहिला तो राहिलाच. वैष्णवीची ओझरची बस तशीही उशिराची होती. प्रयोगशाळेत खाणंपिणं बंद, म्हणून दोघी बाहेरच्या गॅलरीत दोन खुर्च्या टाकून चहा प्यायच्या. शिपाई कलाबाई चहा आणून द्यायची आणि 'आज बाईंचं बरं चाललंय' असा चेहरा करून जायची.

वैष्णवी काय काय घेऊन यायची! टोमॅटोचं करपलेलं पान, झेंडूचा पराग, विहिरीवरचं शेवाळ. एकदा वडिलांच्या बागेतलं द्राक्षाचं पान आणलं, पिठुरलेलं, भुरी पडलेलं. बाईंनी ती पांढरी पूड स्लाइडवर घेतली, पाण्याचा थेंब टाकला, वरची पातळ काच तिरपी धरून अलगद सोडली, बुडबुडा येऊ न देता. आणि बघितलं तर मण्यांच्या माळाच माळा. वैष्णवीने आयपीसला मोबाइल लावून फोटो काढला आणि वडिलांना पाठवला. पुंजांचा फोन आला, "आगं, ही भुरी व्हय? ही तर लय देखणी हाय! आन् मी हिला मारायला फवारे मारतोय." बाई त्या दिवशी घरी जाताना एकट्याच हसत होत्या.

त्या अर्ध्या तासावर बाई जगत होत्या असं कोणी म्हटलं असतं तर त्यांनी त्याला फाडून खाल्लं असतं. पण होतं तसंच. त्या येत्या एप्रिलमध्ये निवृत्त होणार होत्या, आणि मायक्रोस्कोपचं पुढे काय या काळजीवर त्यांनी मनातल्या मनात उत्तरही काढून ठेवलं होतं. वैष्णवी आहे. आणि वैष्णवी आहे म्हणजे मग, काही ना काही विचारायला, ती आपल्यालाही फोन करणारच की.

आणि मग आली खंडेनवमी.

त्या दिवशी कारखान्यात, गॅरेजात, जिथे तिथे हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. शाळेत ती रीत नव्हती. शाळेत दसऱ्याला सरस्वती, पाटीवर काढलेली, बस्स. पण वैष्णवीचं सासर ओझरचं. तिच्या दीपकच्या खात्यात लाखालाखाच्या मशीनला झेंडूच्या माळा पडतात, पेढे वाटतात. तिने हौसेने ठरवलं की आपल्या मायक्रोस्कोपची पूजा करायची. बाईंना सांगितलं नाही. त्यांना एकदम दाखवू, खूश होतील, असं तिला वाटलं.

बाई तास संपवून वर आल्या तेव्हा प्रयोगशाळेत उदबत्तीचा वास होता. टेबलावर स्वच्छ कापड, त्यावर सगळे मायक्रोस्कोप रांगेत, प्रत्येकापुढे झेंडूचं फूल. दिव्याचा मधोमध. नारळ, पेढे. शिक्षिका जमल्या होत्या, कलाबाई होती, नववीच्या मुली दारात गर्दी करून. वैष्णवीने ठेवणीतली साडी नेसली होती आणि हातात हळदीकुंकवाचं तबक घेऊन ती एकेकीला कुंकू लावत होती. हसतमुखाने, सगळ्यांना. मराठीच्या बाईंना लावलं. कलाबाईला लावलं. नववीतल्या सृष्टीला लावलं. आणि मग वळून ती इंदिराबाईंसमोर आली.

तिचं बोट करंड्यापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. क्षणभरच. तिने बाईंच्या कपाळाकडे बघितलं, गळ्याकडे बघितलं, मग नजर खाली घातली आणि बाईंच्या हातावर पेढा ठेवून ती पुढच्या बाईंकडे सरकली.

कोणाच्या लक्षातही आलं नाही. बाई कपाळाला बारीक टिकली लावायच्या रोज, पण कुंकवाची गोष्ट वेगळी, ते कोण लावतं आणि कोणाला लावतं हे सगळ्यांना न सांगता ठाऊक असतं. हळदीकुंकवाच्या घोळक्यातून हळूच बाजूला व्हायला बाई शिकल्या होत्या. सोसायटीतल्या बायकांचं त्यांना काही वाटेनासं झालं होतं. पण वैष्णवी? वैष्णवीने पुढे आलेला हात मागे घ्यावा? बाईंच्या पोटात कुठेतरी कळ उठली. ती कळ कोणाला दाखवायची नव्हती, आणि बाईंना दुसरं काही दाखवायची सवयही नव्हती. त्या तरातरा टेबलापाशी गेल्या.

दिव्याच्या मायक्रोस्कोपच्या दांड्यावर हळदीकुंकवाची बोटं होती. आणि आयपीसच्या कडेवर कुंकवाचे दोन-चार कण पडले होते.

बाईंनी दिवा लावला, कांद्याच्या पापुद्र्याची तयार स्लाइड ठेवली आणि उजवा डोळा लावला. पेशींच्या चौकटींच्या मधोमध एक मळकट, धुरकट डाग.

"कोणी केला हा उद्योग?"

वैष्णवी तबक घेऊन पुढे आली. "मॅडम, मी लेन्सला हात लावला नाही हं. नुसतं दांड्याला…"

"दांड्याला? मग हे काय आहे? लेन्सवर कुंकू सांडलंय! वाळूसारखं असतं ते, ओरखडे पडतात. गेली लेन्स!" आणि मग उचलली जीभ लावली टाळ्याला. "हा काय तुझ्या बापाचा नांगर आहे, कुंकू फासायला? ज्यांना यंत्र कळत नाही त्यांनी नांगराचीच पूजा करावी!"

दारातल्या मुली खाली बघू लागल्या. वैष्णवीने हातातलं तबक टेबलावर ठेवलं. नारळ तसाच राहिला, फोडलाच नाही कोणी.

एवढ्यावर थांबतील तर त्या इंदिराबाई कसल्या! त्या खाली जाऊन हेडमास्तरांना सांगून आल्या की नवीन मॅडमना प्रयोगशाळेचे तास देऊ नयेत. हेडमास्तरांनी बाईंचा आवाज ऐकूनच मान डोलावली. तासिकेवरच्या माणसाचे तास कमी झाले म्हणजे काय होतं, हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. दिवाळीची सुट्टी लागायच्या आत कळलं, वैष्णवीला ओझरच्याच एका शाळेत जागा मिळाली. जाताना ती सगळ्यांना भेटली. बाईंनाही भेटली, दारातूनच. "येते मॅडम." बाई कपाटाकडे तोंड करून म्हणाल्या, "हं."

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली. कलाबाई पहिल्या दिवशी सवयीने दोन कप चहा घेऊन वर आली आणि जीभ चावून एक परत घेऊन गेली. बाई गॅलरीत बसल्याच नाहीत. घरी लवकर गेल्या, आणि घरी जाऊन काय करायचं ते सुचेना म्हणून तांदूळ निवडत बसल्या. पिशवीतले, आधीच निवडलेले.

त्यांनी ती लेन्स किती वेळा साफ केली! आधी रबरी पंपाने धूळ उडवली, मग लेन्सच्या कागदाला द्रावणाचा एक थेंब लावून, मधून कडेकडे गोल फिरवत पुसली. डाग जाईना. पुन्हा पुसली. डाग तिथेच. प्रत्येक वेळी त्या मनात म्हणायच्या, बघ, बघ काय करून ठेवलंस. राग टिकवायला तेवढं कारण पुरत होतं. आणि राग होता तोवर दुसरं काही जाणवत नव्हतं.

मग नववीचं प्रात्यक्षिक आलं. कांद्याचा पापुद्रा. बाईंनी मुलांना बजावलं, "मधे डाग दिसेल. तो पेशीचा भाग नाही, लेन्स खराब झालीय. चित्रात काढू नका." एकेक जण येऊन बघून गेला. सृष्टी बराच वेळ डोळा लावून उभी राहिली.

"बाई, कुठाय डाग?"

"मधोमध. धुरकट."

"नाहीये बाई. एकदम क्लिअर दिसतंय. केंद्रकसुद्धा दिसतंय."

"नीट बघ."

"नीटच बघतेय बाई," सृष्टी चाचरत म्हणाली. मागच्या दोघींनी बघितलं. त्यांनाही दिसेना. बाईंनी सगळ्यांना जागेवर बसवलं. यांना बघायचंच कळत नाही, आणखी काय!

पण मुलं गेल्यावर त्या एकट्याच टेबलाशी बसून राहिल्या. डाग कुठे आहे हे शोधायची एक साधी रीत असते, दर वर्षी त्याच शिकवायच्या. आयपीस जागच्या जागी फिरवायचा. डाग बरोबर फिरला तर तो आयपीसवर. खालची लेन्स बदलायची. डाग गेला तर तो त्या लेन्सवर. स्लाइड सरकवायची. डाग सरकला तर स्लाइडवर. एवढं सगळं ठाऊक असलेल्या बाईने, इतक्या दिवसांत, एकदाही ते करून बघितलं नव्हतं. कशाला बघतील? गुन्हेगार आधीच सापडला होता ना!

त्यांनी आयपीस फिरवला. डाग फिरला नाही. लेन्स बदलली. डाग तिथेच. स्लाइड डावीकडे सरकवली, पेशींच्या चौकटी सरकल्या, डाग जागचा हलला नाही. त्यांनी दिव्यावरची काच पुसली, स्लाइड काढून दुसरी ठेवली. डाग होता. मग त्यांनी मान किंचित हलवली. आणि डाग मानेबरोबर हलला.

त्यांनी हळूच आयपीसला डावा डोळा लावला. आयुष्यात कधी लावला नव्हता. समोर कांद्याचा पापुद्रा स्वच्छ, लख्ख, चौकटीला लागून चौकट, कुठे म्हणून एक ठिपका नाही.

चोर सोडून संन्याशाला सुळी दिली, आणि चोर कुठे, तर आपल्याच कपाळाखाली. बाईंना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. लाज वाटली आणि मग तिच्यामागून ती कळही आली, खंडेनवमीची, जिला त्यांनी रागाखाली दडपून ठेवलं होतं. लेन्स ठीक होती. मग आपण भडकलो कशाने? उत्तर ठाऊक होतं. ते मोठ्याने म्हणायला समोर कोणी नव्हतं, आणि असतं तरी बाईंनी म्हटलं नसतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू. उजव्या डोळ्याला, मधोमध. "मायक्रोस्कोपमधून बघताना आधी दिसतो कधी कधी. ऑपरेशन छोटंच आहे, त्याच दिवशी घरी जाल. पण सोबत कोणीतरी आणा. एकट्या माणसाला आम्ही सोडत नाही."

"आणेन की," बाई म्हणाल्या.

रविवारी त्या बसने ओझरला गेल्या. मनात सगळं घोळवून ठेवलं होतं. आधी माफी मागायची, मग जमलंच तर विचारायचं, येतेस का माझ्याबरोबर दवाखान्यात? वैष्णवीचं घर कारखान्याच्या रस्त्याला, खाली दुकान, वर दोन खोल्या. दार तिच्या सासूने उघडलं. कुसाबाई, नऊवारी नेसलेली, हात पिठाचे.

"कोण? आगंबाई, गायधनी बाई व्हय! या, बसा. लय सांगायची वैष्णवी तुमचं. मायक्रोस्कोपवाल्या बाई, मायक्रोस्कोपवाल्या बाई, निस्तं तेच."

सांगायची. आता सांगत नाही. बाईंनी तो शब्द गिळला आणि खुर्चीच्या टोकावर बसल्या.

वैष्णवी आतून आली. हसली. पाणी दिलं, चिवडा दिला. सगळं रीतसर, पाहुण्याला करतात तसं. बाईंनी सरळ सांगून टाकलं की लेन्स खराब झाली नव्हती, डाग माझ्या डोळ्यात होता, मोतीबिंदू निघाला, चूक माझी होती.

"अगंबाई!" वैष्णवी म्हणाली. "अहो मॅडम, एवढ्यासाठी आलात का? मी तर कधीच विसरले ते."

इतक्या सहज म्हणाली की बाईंची घोळवून आणलेली वाक्यं जागच्या जागी बसली. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर देता येतं, गोडव्याला काय द्यायचं? तिने नव्या शाळेचं सांगितलं, तिथे मायक्रोस्कोप नाही, सगळं पडद्यावर दाखवतात म्हणाली. कुसाबाईंनी चहा आणला. चहा संपत आला.

"मग ऑपरेशन कधी?" वैष्णवीने विचारलं. "सोबत कोण आहे तुमच्या?"

विचारायची हीच वेळ होती. बाईंनी कप खाली ठेवला, ओठ उघडले, आणि त्यांच्याच तोंडातून त्यांच्याच ठसक्यात निघून गेलं, "आहे ना! गौरांग येतोय पुण्याहून. बुधवारी."

"मग काळजी नाही," वैष्णवी म्हणाली.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ घेऊन बाई परतीच्या बसमध्ये बसल्या. गौरांगला त्यांनी फोन केलेला नव्हता. करणारही नव्हत्या. वर्षानुवर्षं 'ठणठणीत' सांगितल्यावर आता एकदम 'ये' कसं म्हणायचं?

बुधवारी त्या एकट्याच दवाखान्यात गेल्या. वाटलं होतं, एकदा आत गेलो की कोण विचारतंय. कपडे बदलायच्या आधीच सिस्टरने विचारलं.

"सोबत कोण आहे?"

"बाहेर आहे."

"बोलवा ना त्यांना. औषधं, थेंब सगळं समजावून सांगायचंय."

बाई बाहेर आल्या. बाकांवर माणसंच माणसं. एका म्हातारीच्या एका डोळ्यासाठी दोन लेक, एक सून आणि नातू, अशी वरात आली होती. सून तिचा पदर सारखा करत होती. बाईंच्या मनात काय काय येऊन गेलं. खालच्या रिक्षावाल्याला पैसे देऊन वर बसवावं का? या सुनेलाच म्हणावं का, बाई गं, पाच मिनिटं माझीही सून हो? त्या थोडा वेळ पाण्याच्या पिंपाजवळ उभ्या राहिल्या आणि परत आत गेल्या.

"नाहीये कोणी."

"मग आज नाही करता येणार, आजी," सिस्टर म्हणाली. वाईट मुलगी नव्हती ती, आवाजात कीव होती. "घरचं कोणी नसेल तर शेजारचं आणा. ओळखीचं कोणीही चालेल."

कोणीही! बाई जिना उतरून दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसल्या. समोर रस्ता वाहत होता. तीस वर्षं आपण मुलांना शिकवलं, हा तोरा आठवला आणि त्यांना स्वतःचीच चीड आली. एवढ्या मोठ्या नाशकात त्यांचा हात धरून पायरी उतरवायला एक माणूस नव्हतं, आणि जे होतं त्याला त्यांनी स्वतःच्या हाताने घालवलं होतं. त्यांचे डोळे भरून आले, चांगलाही आणि वाईटही. त्यांनी पर्समधून फोन काढला.

"हॅलो, मॅडम? झालं ऑपरेशन?" वैष्णवीच्या मागे वर्गाचा गोंगाट होता.

"नाही झालं. सोबत कोणी नाही म्हणून परत पाठवलं."

"का? गौरांग आले नाहीत?"

"मी त्याला सांगितलंच नव्हतं. तुझ्याशी खोटं बोलले."

"थांबा, मी वर्गाबाहेर येते."

गोंगाट मागे पडला. आता बोलायलाच हवं होतं. बाईंचा आवाज सोमवारसारखा घोगरा निघाला. "वैष्णवी, त्या दिवशी मला मायक्रोस्कोपचा राग आला नव्हता. तू सगळ्यांना कुंकू लावलंस. कलाबाईला लावलंस, पोरींना लावलंस, त्या लोखंडाला लावलंस. आणि माझ्यापाशी येऊन हात मागे घेतलास. मला फार लागलं ते. दुसऱ्या कोणी केलं असतं तर नसतं लागलं."

फोन तुटला की काय म्हणून बाईंनी तो कानापासून दूर करून बघितला.

"मला कळेना मॅडम," वैष्णवी हळू म्हणाली. "लावलं तर तुम्हाला दुखेल का, नाही लावलं तर दुखेल का. सगळ्या बघत होत्या. घाबरले मी. विचारायला हवं होतं तुम्हाला, आदल्या दिवशी, चहाच्या वेळी."

"मला कुठे कोणी काही विचारू शकतं? मीच तसं ठेवलंय."

"हो. ते आहेच."

बाईंना मधूनच हसू आलं आणि ते रडण्यात गेलं. येणारा-जाणारा एक जण वळून बघून गेला.

"मॅडम, मीही खोटं बोलले," वैष्णवी म्हणाली. तिचा आवाज आता बदलला होता. "रविवारी म्हणाले ना, विसरले. विसरलेले नाही मी. माझं यंत्राचं काढलंत ते चाललं असतं. माझ्या बापाचं काढलंत. नांगराचं काढलंत, पोरींसमोर. मी घरी येऊन दोन दिवस जेवले नाही. सासूबाईंना सांगता येईना, दीपकला सांगता येईना. तुमच्याबद्दल काही वाईट सांगायला तोंडच उघडेना माझं."

"बोल," बाई म्हणाल्या. "बोल, सगळं बोल."

"आत्ता नाही. तास आहे माझा, पोरं दंगा करतायत." ती थांबली. मागे कोणीतरी 'मॅडम, मॅडम' करत होतं. "तुम्ही वर जा, आणि सिस्टरकडून उद्याची वेळ मागून घ्या. मी रजा टाकते. सकाळच्या बसने येते."

"अगं, पण तुला…"

"राग आहे अजून माझा, मॅडम. तो काही इतक्यात जाणार नाही. पण येते मी."

इंदिराबाईंना खूप काही म्हणायचं होतं. त्या "ये" एवढंच म्हणाल्या, आणि कठड्याला धरून पुन्हा जिना चढू लागल्या.